साहेब, माझाही बघा

सतरा वर्षं मी लोकलचा पास काढतो आहे आणि या सतरा वर्षांत तो एकदाही कुणी बघायला मागितलेला नाही.

तिमाही पास. म्हणजे वर्षाला चार. करोनात लोकल बंद होती तो काळ वजा केला तर आजवर बासष्ट झाले. आकडा नेमका माहीत आहे, कारण सगळे मी जपून ठेवलेत. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात. काहींची छपाई उडालीय, काही घामाने पिवळे पडलेत, एक तर पँटीबरोबर वॉशिंग मशीनमधून फिरून आलेला आहे. दर दिवाळीच्या साफसफाईत ही तो डबा माझ्यासमोर आणून आपटते.

“अहो, हे टाकू का?”

“अगं, पुरावा आहे तो.”

“कशाचा?”

इथे मी पेपर वर धरतो. आपण इतकी वर्षं प्रामाणिक होतो, पण त्याचा पुरावा मागायला अजून कुणी फिरकलेलं नाही, हे बायकोसमोर कबूल करणं जड जातं.

आमच्या स्टेशनावर टीसी नाहीत असं नाही. भरपूर आहेत. पुलाच्या पायऱ्या जिथे संपतात तिथे दोघं-तिघं उभे असतात. काळा कोट, पांढरा शर्ट, छातीवर नावाची पट्टी, हातात पावतीपुस्तक. गाडी लागली की हजारभर माणसं एकदम जिन्याकडे लोटतात आणि त्या लोंढ्यातून टीसी एक माणूस अलगद उचलतो. ओढ्यात एका पायावर उभा असलेला बगळा उचलतो तसा. इतक्या माशांतून नेमका हाच कसा दिसला, हे बगळ्यालाच ठाऊक. मी मात्र त्या ओढ्यातलं वाहून चाललेलं पान. बगळा पानाकडे बघत नाही.

सुरुवातीला मी मान ताठ ठेवून, टीसीच्या डोळ्यांत डोळे घालून चालायचो. तोच डोळे वळवायचा. मग डब्यातल्या एकाने सांगितलं की नजर चुकवणाऱ्याला धरतात. म्हणून नजर चुकवायला लागलो. इतकी चुकवली की एकदा खांबावर आपटलो. टीसीने हात धरून उठवलं, चष्मा उचलून दिला, “लागलं नाही ना?” विचारलं आणि हात सोडून दिला. पास विचारायला याहून सोयीची वेळ कोणती असते? माणूस हातात आहे, जमिनीवर आहे, पळू शकत नाही.

मग मी अभिनयाकडे वळलो. टीसी दिसताच दचकायचं, थबकायचं, सगळे खिसे चाचपायचे, दोन पावलं मागे जायचं. एक दिवस तर त्याच्या डोळ्यांदेखत मी तो जिना तीन वेळा चढलो आणि तीन वेळा उतरलो. चौथ्या खेपेला मात्र त्याने हात वर केला. माझं काळीज धडधडलं. हात आपोआप पाकिटाकडे गेला.

“काका, जरा बाजूला व्हा,” तो म्हणाला, “मागचा पळतोय.”

घरी हे सांगितलं तेव्हा ही पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, “तुमचा चेहराच तसा आहे.”

“तसा म्हणजे?”

“पास काढल्यासारखा.”

नशिबाचाही भाग असतो म्हणा. वर्षातून एक-दोनदा स्टेशनावर मोठी धाड पडते. सगळे जिने, सगळी दारं अडवतात, पन्नास-साठ टीसी एकदम उतरतात, कुणालाही सोडत नाहीत. दुसऱ्या दिवशी डब्यात गप्पांना ऊत येतो. अशी शेवटची धाड पडली त्या दिवशी मी रजा टाकून दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत आ वासून पडलो होतो. त्याआधीच्या धाडीला मेहुण्याच्या लग्नात होतो. आणि २०२१च्या ऑगस्टमध्ये दोन डोस घेतलेल्यांना लोकल खुली झाली, तेव्हा मात्र खरोखर तपासणी झाली. खिडकीबाहेर टेबल टाकून एक माणूस बसला होता. त्याने माझ्याकडे हात पुढे केला. मी अत्यानंदाने जुना पास त्याच्या हातावर ठेवला. “हा नको,” तो म्हणाला, “लशीचं सर्टिफिकेट.”

माझ्या लहानपणी असं नव्हतं. पुठ्ठ्याचं छोटंसं तिकीट असायचं. खिडकीतला बाबू ते लोखंडी यंत्रात सरकवून खट् करून तारीख उठवायचा. गावी उतरलं की फलाटाच्या दाराशी टीसी हात पसरून उभा, आणि वडील दक्षिणा ठेवावी तसं ते तिकीट त्याच्या हातावर ठेवायचे. देणारा समाधानी, घेणारा समाधानी. पुढे कुठेतरी वाचलं की ही पुठ्ठ्याची पद्धत थॉमस एडमंडसन नावाच्या इंग्रजाने १८३०च्या दशकात काढली. मूळचा सुतारकाम करणारा, धंद्यात दिवाळं निघालं म्हणून रेल्वेत लागलेला. त्याआधी तिकिटं हाताने लिहून देत आणि गल्ल्यात किती जमायला हवेत याचा पत्ता लागत नसे. याने प्रत्येक तिकिटावर अनुक्रमांक छापला, की संध्याकाळी क्रमांक मोजायचे आणि तेवढे पैसे बाबूकडून घ्यायचे. म्हणजे तिकिटामागचा मूळ संशय खिडकीच्या बाहेरच्या माणसावर कमी आणि आतल्यावर जास्त. हे कळल्यापासून मी खिडकीतल्या माणसाकडे जरा आदराने बघतो. त्याच्याकडे निदान कुणीतरी संशयाने बघितलंय.

तसं आपल्याकडे तिकिटाचं मुहूर्तालाच बिनसलं असावं. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, तीत सुमारे ४०० पाहुणे होते. सगळे निमंत्रित. निमंत्रितांना कोण तिकीट विचारतो? देशातली पहिली पॅसेंजर गाडी अख्खीच्या अख्खी विनातिकीट गेली आणि वर तिला २१ तोफांची सलामी मिळाली.

त्या निमंत्रितांचा थेट वंशज आमच्या डब्यात आहे. त्याला सगळे डब्ल्यूटी भाऊ म्हणतात. डब्ल्यूटी म्हणजे विदाउट तिकीट. भाऊंनी आयुष्यात पास काढलेला नाही. तो परिस्थितीचा प्रश्न नाही. भाऊंची कांदिवलीला दोन दुकानं आहेत आणि ते मोबाईल माझ्याहून तिप्पट किमतीचा वापरतात. तो तत्त्वाचाही प्रश्न नाही. फक्त हिशेबाचा आहे.

“हे बघा,” भाऊ मला चौथ्या सीटवर अर्धं टेकवत म्हणाले, “वर्षाचे चार पास. किती झाले? आता मी वर्षात फार तर दोनदा सापडतो. १९८९चा रेल्वे कायदा, कलम १३८. भाडं, आणि वर भाड्याइतकी रक्कम किंवा २५०, जे जास्त असेल ते. दोनाने गुणा. कोण फायद्यात?”

“पण कैदसुद्धा होते म्हणतात.”

“ते १३७. फसवण्याचा इरादा लागतो. मी कुठे फसवतो? मी उघड जातो.”

कायद्याचं इतकं पाठांतर पास काढणाऱ्या माणसाकडे मी पाहिलेलं नाही. मला वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. भाऊंना टीसी ओळखतात. नावाने. एकदा मी भाऊंच्या मागोमाग जिना उतरत होतो. खाली टीसी. मी मनात म्हटलं, आता बरा सापडला.

“काय साहेब,” भाऊंनीच सुरुवात केली, “बदली होणार होती ना तुमची?”

“थांबली हो. मुलीची दहावी होती.”

“किती पडले?”

“सत्त्याऐंशी.”

“पेढे?”

यावर दोघं हसले. भाऊ पुढे गेले. पाठोपाठ मी, खिशात त्रेपन्नावा पास, टीसीच्या कोटाला घासून गेलो. मला त्याने पेढेही विचारले नाहीत.

भाऊंनी मध्यंतरी मोबाईलवर कुठेतरी वाचलं की स्वीडनमध्ये स्टॉकहोमला फुकट्यांनी फंड काढलाय. २००१पासून चालू आहे. दरमहा वर्गणी भरायची. जो पकडला जाईल त्याचा दंड फंडातून.

“म्हणजे भिशी,” मी म्हटलं.

“भिशीच! फक्त नंबर टीसी काढणार.”

आमच्या डब्यात असा फंड काढायचं त्यांनी मनावर घेतलं. वही आणली, रेघा मारल्या, खजिनदार म्हणून माझं नाव घातलं. कारण पैशाच्या बाबतीत माझ्यावर सगळ्यांचा विश्वास आहे. आणि मग ते वर्गणी मागायला उठले. पहिल्याने कानातली वायर काढलीच नाही. दुसरा झोपला. तिसरा सरळ म्हणाला, “भाऊ, मी सरकारला तिकिटाचे दहा रुपये देत नाही, तुम्हाला वर्गणी कुठून देऊ?” फंड ठाण्याच्या आत बुडाला. वही माझ्याकडे आहे. मी ती श्रीखंडाच्या डब्याखाली ठेवलीय.

रेल्वेत नाही तर नाही, निदान एसटीत तरी कुणी विचारेल, या आशेने मी मे महिन्यात गावी गेलो. बरोबर आई, ही आणि लेक. बस सुटली, कंडक्टर मशीन छातीशी घेऊन आला. आईकडे बघून म्हणाला, “आजी, आधार कार्ड.” ७५च्या वर वय असलं की २०२२च्या ऑगस्टपासून एसटी फुकट आहे. आईने कनवटीच्या पिशवीतून प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळलेलं कार्ड काढलं. कंडक्टरने ते उजेडाकडे धरून जन्मसाल पाहिलं, आईकडे पाहिलं, परत कार्डाकडे पाहिलं.

“अठ्ठ्याहत्तर? वाटत नाही हो आजी.”

आई त्या एका वाक्यावर पुढचे दोन महिने जगली. बायकांना २०२३च्या मार्चपासून अर्धं तिकीट, त्यामुळे ही आणि लेक हाफ. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. पाहिलं म्हणजे, मशीनवर बोट ठेवून म्हणाला, “आणि एक फुल्ल.” अख्ख्या कुटुंबात सवलत नसलेला, वय न विचारला गेलेला, कागद न मागितलेला मी एकटा. मी पाचशेची नोट काढली.

“सुट्टे द्या.”

“नाहीत हो.”

त्याने तिकिटाच्या मागे पेनाने उरलेली बाकी लिहून दिली. ज्यांनी एसटीने प्रवास केलाय त्यांना या आकड्याचं वजन कळेल. त्यानंतर माणूस खिडकीबाहेरचा निसर्ग बघत नाही. तो कंडक्टर बघतो. कंडक्टर डबा खातोय, कंडक्टर ड्रायव्हरशी बोलतोय, कंडक्टरला डुलकी लागली. आपण उठवावं का? मागायला गेलं तर “तेवढ्यासाठी?” असं बघतील, नाही मागितले तर घरी ही बघेल. गाव येईपर्यंत मी ते तिकीट इतक्या वेळा उलटसुलट केलं की बाकीचा आकडा घामाने पुसला जाऊन ३४०चे ३४ झाले. कंडक्टर भला माणूस. त्याच्या लक्षात होतं. त्याने तीनशे चाळीसच दिले, वर म्हणाला, “साहेब, मला वाटलं तुम्ही विसरलात.”

आणि परतीच्या वाटेवर तो क्षण आला. घाटाच्या अलीकडे एका झाडाखाली जीप उभी. तपासणी पथक! बस थांबली, साहेब वर चढले, एकेक करत मागे येऊ लागले. मी तिकीट शोधायला खिशात हात घातला. नव्हतं.

“माझ्याकडे दिलंत ना मघाशी,” ही म्हणाली. “कान कोरत होतात त्याने, म्हणून काढून घेतलं.”

साहेब आले. हिने पर्समधून चारही तिकिटं पत्त्यांसारखी पसरून पुढे केली. त्यांनी वरच्यावर नजर टाकली.

“हे तुमच्याबरोबर?” माझ्याकडे अंगठा करून त्यांनी विचारलं. मला नाही. हिला.

“हो, यांचंही यातच आहे.”

साहेब पुढे गेले. पूर्ण भाड्याचा माणूस दोन अर्ध्या तिकिटांच्या पदराखाली झाकून आणल्यासारखा मुंबईला पोचला.

मधे काही दिवस मला मेट्रोने सुख दिलं हे कबूल करायला हवं. तिथे दार असतं. कार्ड टेकवलं की टिंग करून उघडतं. पहिल्या दिवशी मला भरून आलं. कुणीतरी मला विचारून आत घेतलं होतं! पण दोन दिवसांत कळलं की ते सगळ्यांनाच उघडतं. भाऊंनासुद्धा उघडलं असतं. यंत्राला माणसं कळत नाहीत. तिसऱ्या दिवशी दाराच्या आत गेल्यावर छत्री बाहेर तपासणीच्या टेबलावर राहिल्याचं आठवलं. मी मागे वळलो, परत कार्ड टेकवलं, दाराने लाल दिवा लावला. त्याच्या मते मी प्रवासाला निघालेला माणूस होतो, परत कसा फिरू शकतो? छत्री सहा फुटांवर दिसत होती. शेवटी एक शिपाई ती दारावरून माझ्या हातात देताना म्हणाला, “आजोबा, घाई करू नका.” काकाचा आजोबा व्हायला मेट्रोत तीन दिवस लागतात.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

गेल्या वर्षी लेक म्हणाली, “बाबा, कागदी पास कोण काढतं आता? मोबाईलवर काढ ना.”

मोबाईलवरच्या तिकिटाबद्दल मी जे पाहत होतो त्यावरून मी बिचकत होतो. ते तिकीट फलाटावर उभं राहून निघत नाही. रुळांपासून थोडं लांब जावं लागतं. नाहीतर टीसी दिसल्यावरच सगळ्यांनी काढलं असतं. म्हणून संध्याकाळी स्टेशनाबाहेर वडापावच्या गाडीच्या आसपास वीस-पंचवीस माणसं मोबाईल डोक्यावर धरून दोन पावलं मागे, दोन पावलं डावीकडे सरकत असतात. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, मावळत्या सूर्याला अर्घ्य चाललंय. माझ्यासमोर एका गृहस्थांना मोबाईल सांगत होता की तुम्ही स्टेशनाच्या आत आहात. ते चपलांच्या दुकानात होते, एका पायात नवी चप्पल घालून. बिचारे त्या एका चपलेवर रस्ता ओलांडून पलीकडे गेले, तिकीट काढलं आणि परत आले, तेव्हा दुकानदाराने त्यांना चोर म्हणून धरलं. तिकीट मात्र वैध होतं.

पण लेकीपुढे कुणाचं चाललंय? तिने माझा पास मोबाईलवर काढून दिला. एक मोठी गोष्ट इथे हातून निसटली आणि तेव्हा ती कळली नाही. कागदी पास काढला की मी कालनिर्णयवर तो संपण्याच्या तारखेला लाल गोल करायचो. सतरा वर्षांत कधी चुकलो नाही. आता लेक म्हणाली, “गोल कशाला? फोन सांगेल.” फोनने सांगितलंही असेल. त्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर पाणी येणार की नाही यावर ११२ निरोप आले होते. त्या गर्दीत तो बिचारा कुठेतरी लटकून गेला.

मंगळवार होता. गाडीतून उतरलो, लोंढ्याबरोबर जिन्यापाशी आलो. टीसी उभा होता. तरुण, नवीन, मिशी नुकतीच धरलेली. त्याने माझ्या पुढच्या मुलाला थांबवलं. मुलाने पास दाखवला. टीसीने नीट वाचला, “थँक यू” म्हणाला. थँक यू! माझ्या पोटात काहीतरी तुटलं. सतरा वर्षांचा साचलेला उमाळा एकदम वर आला. मी थांबलो, मोबाईल काढला आणि त्याच्यासमोर धरला.

“साहेब, माझाही बघा.”

“राहू द्या हो काका.”

“नाही, बघाच.”

“काका, विश्वास आहे. जा तुम्ही.”

“विश्वास नको,” मी म्हटलं. माझा आवाज जरा चढला होता. “तुमचं काम आहे ते. बघा.”

मागे माणसं तुंबली. टीसीने नाइलाजाने मोबाईल हातात घेतला, बघितला, मग जवळ धरून बघितला. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी करुणा म्हणेन.

“काका,” तो हळूच म्हणाला, “हा काल संपला.”

माझ्या तोंडून निघालेली वाक्यं मला जशीच्या तशी आठवतात आणि रात्री झोपताना आठवतात. “असं कसं होईल?” “माझ्याकडे आधीचे बासष्ट आहेत.” “घरी डब्यात आहेत.” “श्रीखंडाच्या.” प्रत्येक वाक्यागणिक माझी केस अधिक बिघडत गेली. टीसी म्हणाला, “जुने घेऊन मी काय करू काका? आणि तुम्ही एवढ्या मोठ्याने दाखवलात, आता सोडलं तर हे सगळे बघतायत.” खरोखरच सगळे बघत होते. आमच्या बिल्डिंगमधल्या दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी तर भाजीची पिशवी खाली ठेवून बघत होत्या.

“कुठून बसलात?”

मी स्टेशनाचं नाव सांगितलं. “खरंच तिथूनच,” असंही म्हटलं.

“शंका असली तर गाडी जिथून सुटली तिथपासूनचं भाडं लावतात,” तो पावतीपुस्तक उघडत म्हणाला. “तुमच्यावर शंका नाही.”

सतरा वर्षांत रेल्वेकडून मिळालेलं हे माझं पहिलं प्रमाणपत्र. २५० दंड, १५ भाडं. दोनशे पासष्ट. पाकिटात दोनशे निघाले. मोबाईलवरून द्यायला गेलो तर घाईत आणि घामात पिन दोनदा चुकला. तिसऱ्यांदा चुकला तर काय होतं ते आठवून मी हात मागे घेतला. तेवढ्यात जिन्यावरून ओळखीचा आवाज आला.

“अरे! काका? तुम्ही?”

डब्ल्यूटी भाऊ होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पावतीपुस्तकाकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला की मुलगा मॅट्रिक झाल्यावर बापाच्या चेहऱ्यावर पसरावा. काही न बोलता त्यांनी शंभराची नोट काढून टीसीच्या हातात ठेवली.

“भाऊ, उद्या देतो,” मी म्हटलं.

“घाई नाही,” भाऊ म्हणाले. “फंडातले समजा.”

आणि निघून गेले. त्यांना टीसीने काही विचारलं नाही. तो माझी पावती लिहीत होता.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा दुसऱ्या मजल्याकडून बातमी येऊन पोचली होती. दारातच आईने विचारलं, “बाळा, पैशाची काही अडचण आहे का रे?” हिने मात्र सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे सतरा वर्षांत पहिल्यांदा पास बघितला, आणि तोही संपलेला?”

“हो.”

“आणि त्यांनी मागितला नव्हता?”

“नाही. मी आग्रह केला.”

ती हसत हसत खुर्चीवरून खाली बसली. मी श्रीखंडाचा डबा काढला आणि पावती त्यात ठेवली. बासष्ट पासांत तो एकच कागद असा आहे ज्यावर कुणीतरी माझं नाव विचारून लिहिलंय आणि खाली सही केलीय.

दुसऱ्या दिवशी नवीन तिमाही पास काढला. जिन्याखाली तोच तरुण टीसी. मला लांबूनच बघून त्याने बोट वाकवलं.

“ओ काका, इकडे या. पास?”

मी दाखवला. त्याने तारीख पाहिली, मान डोलावली, “थँक यू” म्हणाला. गुरुवारी परत थांबवलं. शुक्रवारीही. मी इस्त्रीचा शर्ट घालायला लागलो. संध्याकाळी ही विचारायची, “आज बघितला का?” आणि मी मोजे काढता काढता सहज म्हणायचो, “हो, बघितला.”

सोमवारी मी जरा लवकरच्या गाडीने गेलो, त्याला गर्दीत घाई व्हायला नको म्हणून. तो दिसला. मी मोबाईल काढून तयार. त्याने मला पाहिलं, ओळखीचं हसला आणि हात हलवून जायला सांगितलं. “असू द्या काका, माहितेय.” मी तरी थांबलोच. मागून कुणीतरी ओरडलं, “ओ काका, चला की!”

नवीन पास संपायला अजून पंच्याऐंशी दिवस आहेत. लेकीने फोनमध्ये आठवण लावून ठेवलीय, दोन दिवस आधीची. ती काढायची कशी, हे मी शेजारच्या पोराला विचारणार आहे.